पागेचा घोडा, सरंजामाचा मुलूख आणि विक्रीचा अधिकार

अश्वपालनाचे एखादे विस्तीर्ण क्षेत्र घोड्यांसह विक्रीस निघणे ही आज केवळ व्यवहाराची बाब वाटते. घोडा आणि त्याला पोसणारी जमीन या दोहोंचा विक्रीयोग्य धनी एकच असणे ही घटना मात्र महाराष्ट्राच्या इतिहासात बरीच अलीकडची आहे. उंब्रजच्या परिसरातील, वसंतगडाच्या पायथ्याचे तळबीड हे हंबीरराव मोहिते यांचे गाव. प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरी येथे पडल्यानंतर हंबीररावांकडे सरनोबती आली. त्यांच्या हाताखालील घोडदळाची रचना पाहिली असता हा प्रश्न स्पष्ट होतो.

सभासद बखरीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनोबत असे. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. तो विकण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिलेदार घोडा स्वतःचा आणी, म्हणून तो त्याचा धनी होता. पण घोडा पडला तर नुकसानही त्याचेच. पागेचे बळ शिलेदारांपेक्षा अधिक राखण्याचे धोरण त्यामुळे केवळ लष्करी नव्हते, ते मालकीविषयीचेही होते. चिपळूण भागातील छावणीस शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची व आगीपासून जपण्याची ताकीद आहे. वैरण संपली तर स्वार रयतेच्या गवतावर हात टाकतील, ही त्यामागील खरी चिंता होती.

राजारामाच्या काळापासून सरंजामाची पद्धत बळावली. घोडदळ बाळगण्यासाठी मुलखाचा वसूल सरदाराकडे लावून दिला जाई. येथे एक भेद नेहमी दुर्लक्षिला जातो : मिरासदार आपली मिरास विकू शके, सरंजामदाराला मात्र सरंजाम विकता येत नसे. त्याचा हक्क वसुलावर होता, मातीवर नव्हे. १८१८ नंतर पेशव्यांचे लष्कर मोडले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. स्वारांच्या घोड्यांना ग्राहक उरला नाही. त्याच शतकातील जमीन पाहणीने व १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खातेदाराचा हक्क हस्तांतरणीय ठरविला.

पुढे घोड्याची मागणी रणांगणाकडून शर्यतीच्या मैदानाकडे वळली. पुण्यात १९४६ मध्ये पूनावाला स्टड फार्म उभा राहिला. शर्यतीतून निवृत्त झालेले तेथील घोडे लस निर्मितीसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. या संबंधातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना आकारास आली. घोड्याच्या रक्तातील द्रव्याला घोड्याहून मोठी बाजारपेठ मिळावी, हे पागेच्या कारकुनाला समजावणे अवघड गेले असते.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी विक्रीचा हा अधिकार पुन्हा आवळला. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर निर्बंध आले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची मर्यादा, नंतरच्या दुरुस्तीनुसार, बारमाही बागायतीस १८ एकर व कोरडवाहूस ५४ एकर अशी आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात ही १८ एकरांची मर्यादा लागू होते. घोड्यांना मोकळे सोडण्याजोगे कुरण राखू पाहणाऱ्या विक्रेत्याला आणि खरेदीदाराला प्रथम तिचाच विचार करावा लागतो.