आठ आण्यांची विकेट

गहुंज्याच्या स्टेडियमवर 2024 पर्यंत भारत तीन कसोट्या खेळला आणि त्यातल्या दोन हरला. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने 70 धावांत 12 बळी घेतले, तर 2024 मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सॅंटनरने 157 धावांत 13. दोघेही डावखुरे फिरकीपटू.

मी चिंचवडला राहतो, कोडिंग करतो आणि रविवारी सकाळी हीच डावखुरी फिरकी शिकतो. पहिली आणि मधली बोटं शिवणीवर आडवी ठेवायची, चेंडू सोडताना पहिल्या बोटाने पीळ द्यायचा. उजव्या हाताच्या फलंदाजापासून तो बाहेर वळतो. मग त्याच ॲक्शनने एखादा सरळ सोडायचा. फलंदाज वळणाची वाट बघत राहतो आणि चेंडू थेट पॅडवर किंवा स्टंपवर जातो. ऐकायला सोपं आहे. पण टप्पा एका जागी पडायला हजारो चेंडू टाकावे लागतात.

हे हजारो चेंडू पुण्यात ज्यांनी मोठ्या इर्षेने टाकले, ते बाळू पालवणकर. 1876 चा जन्म, चांभार कुटुंबातले. आधी पुण्यातल्या पारशांच्या क्लबात पीच झाडायचं, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तिथे जाळी लावायची, पीच आखायचं आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज. सांगतात, की आपल्याला बाद केलं की तो बाळूंना आठ आणे द्यायचा. महिन्याचा पगार चार रुपये. म्हणजे ग्रेगच्या आठ विकेट काढल्या की आणखी एक पगार.

बॅट मात्र साहेबांच्याच हातात. चेंडू टाकणं हे नोकराचं काम होतं.

पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कपात चहा. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले आणि 114 बळी घेऊन आले. तरी हिंदू संघाचं नियमित कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. 1923 मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. 1937 च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. 1955 मध्ये ते गेले.

बाळूंना कुणी कोच नव्हता. त्यांचं शिक्षण नोकरीतच झालं: रोज तासन्‌तास, चांगल्या फलंदाजांसमोर, तेही पोटासाठी. गोऱ्यांनी सरावासाठी ठेवलेल्या माणसाने त्या सरावातूनच त्यांना बाद करायची कला उचलली. हे कौतुकाचं आहेच, पण ही काही समान संधी नव्हती. मला रविवारी चेंडू टाकून झाल्यावर बॅट मिळते. पूना क्लबात बाळूंची पाळी आलीच नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या टेनिस बॉलच्या मॅचमध्येही एक गोष्ट दिसते. शिफ्ट संपवून आलेला हेल्पर पोरगा चार ओव्हर टाकतो आणि बॅटिंगला अकरावा जातो. तुमच्या टीममध्येही असा कुणी असेल, तर पुढच्या रविवारी त्याला जरा वर पाठवून बघा.