प्रवरा खोऱ्यातील जलविकास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या खोऱ्यात पाण्याच्या साठवणीचा व वाटपाचा झालेला क्रमविकास. प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते व अकोले, संगमनेर यांसारख्या तालुक्यांतून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. आढळा, म्हाळुंगी व मुळा या तिच्या प्रमुख उपनद्या असून म्हाळुंगीचा संगम संगमनेर येथे होतो. घाटमाथ्यावर वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक, तर पर्जन्यछायेतील संगमनेरास तो सु. ५०० मिमी.च्या आसपास असतो. पाऊस वरच्या भागात व शेतीयोग्य सपाट जमीन खालच्या भागात, ही विषमता खोऱ्यातील जलविकासाच्या मुळाशी आहे.

संगमनेरजवळील जोर्वे येथील उत्खननात (१९५०–५१) नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. पुढेही दीर्घकाळ सिंचन मुख्यतः विहिरी व मोट यांवरच अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगमनेरच्या खाली ओझर येथे बंधारा बांधून कालवा काढण्यात आला. परंतु वर पाण्याचा साठा नसल्याने उन्हाळ्यात नदीबरोबर कालवाही आटे. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर साठवणीची निकड प्रकर्षाने जाणवली आणि १९१०–२६ या काळात भंडारदरा येथे सु. ८२ मी. उंचीचे दगडी धरण उभारण्यात आले. त्याची साठवणक्षमता सु. ११ अब्ज घ. फुट आहे. १९६९ मध्ये भिंतीस तडे आढळल्यावर आधारभिंती बांधून ते बळकट करण्यात आले.

भंडारदऱ्याचे पाणी नदीपात्रातून ओझरपर्यंत येते व तेथून दोन्ही तीरांवरील कालव्यांत वळविले जाते. दुष्काळनिवारणासाठी योजिलेल्या या पाण्यावर उसाची शेती वाढली आणि प्रवरानगर येथे १९५०–५१ च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अतिसिंचन व निचऱ्याचा अभाव यांमुळे काही जमिनी मात्र पाणथळ व क्षारयुक्त बनल्या. कालव्यांचा आरंभच ओझरला होत असल्याने धरणाच्या जवळचे अकोले व संगमनेर तालुके प्रवाही सिंचनापासून बव्हंशी वंचित राहिले. तेथील शेतकऱ्यांना पात्रातील बंधारे व उपसा सिंचन यांचा आश्रय घ्यावा लागला. दीर्घ मागणीनंतर १९८९ मध्ये भंडारदऱ्याच्या पाण्यात या दोन तालुक्यांचा ३० टक्के वाटा मान्य झाला.

निमोण-तळेगावसारख्या जिरायती भागांसाठी ऊर्ध्व प्रवरा (निळवंडे) प्रकल्प १९७० मध्ये मंजूर झाला. धरणाची क्षमता सु. ८.३ अब्ज घ. फुट असली, तरी कालव्यांस फार विलंब लागला. डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. कालवे न पोहोचणाऱ्या भागात पाणलोट विकास हा पर्याय ठरला. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ पासून सामुदायिक श्रम व चराईबंदी यांच्या आधारे तो राबविण्यात आला.

प्रवरेचे पाणी पुढे पैठणच्या जायकवाडी जलाशयात जाते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. तदनुसार जायकवाडीत तूट पडल्यास भंडारदरा-निळवंडे समूहातूनही पाणी सोडावे लागते. परिणामी धरणाचा वरचा व खालचा लाभक्षेत्रीय वाद आता जिल्ह्याची सीमा ओलांडून गेला आहे. नव्या साठवणीस फारसा वाव न उरल्याने पीकरचना व पाण्याची काटकसर यांवरच खोऱ्याचे भवितव्य अवलंबून आहे.