काउबॉय नेमबाजी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८० नंतर रूढ झालेला शीघ्र नेमबाजीचा एक क्रीडाप्रकार. अमेरिकन यादवी युद्धाच्या सुमारापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रचारात असलेली शस्त्रे किंवा त्यांच्या प्रतिकृती, त्या काळास साजेसा वेश आणि घड्याळाशी लावलेली शर्यत ही त्याची मुख्य लक्षणे होत. नेमबाजीच्या बहुतेक स्पर्धांत खेळाडू एकच शस्त्र घेऊन उतरतो. येथे मात्र स्पर्धेच्या एकेका टप्प्यात त्याला दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल व एक छऱ्यांची बंदूक अशी चार शस्त्रे एकामागून एक हाताळावी लागतात. शस्त्रांच्या या पालटामुळेच हा खेळ इतिहासाच्या अभ्यासकाला दखल घेण्याजोगा वाटतो. ग्रंथात वाचून न उमगणाऱ्या यंत्ररचनांतील गुणदोष त्यात हातांनी अनुभवता येतात. मात्र खेळाच्या नियमांनी त्यांतील काही दोष झाकलेही जातात.

त्या सुमारास अमेरिकेत आधुनिक स्वयंभरणी पिस्तुलांच्या गतिमान स्पर्धा लोकप्रिय झाल्या होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियातील काही नेमबाजांनी त्याच धर्तीवर, परंतु पश्चिमपटांत दिसणारी जुनी शस्त्रे घेऊन सामने भरविण्यास प्रारंभ केला. १९८२ मध्ये ‘एंड ऑफ ट्रेल’ हा वार्षिक मेळावा सुरू झाला व १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ ही नियामक संस्था स्थापन झाली. संस्थेच्या सभासदाला एक टोपणनाव घ्यावे लागते. ते जुन्या पश्चिमेतील व्यक्ती, व्यवसाय किंवा चित्रपटांतील पात्रे यांची आठवण करून देणारे असावे आणि दुसऱ्या कोणी घेतलेले नसावे, असा दंडक आहे.

टप्प्यासाठी पेढी, मद्यगृह, तुरुंग अशांचा लाकडी देखावा उभारतात व त्याला एखादी लहानशी कथा जोडतात. कोणते शस्त्र केव्हा उचलावयाचे आणि कोणत्या लक्ष्यावर किती बार टाकावयाचे, हे त्या कथेबरोबरच ठरवून दिलेले असते. सर्वसाधारण टप्प्यात रिव्हॉल्व्हरचे १०, रायफलचे १० व छऱ्यांच्या बंदुकीचे चार किंवा अधिक बार असतात. लक्ष्ये पोलादी असून रिव्हॉल्व्हरसाठी ती सु. ६ ते ९ मी. इतकी जवळ असतात. त्यामुळे गोळ्या शिशाच्याच वापराव्या लागतात आणि त्यांच्या वेगावरही मर्यादा असते. चुकलेल्या प्रत्येक बाराबद्दल ५ सेकंद आणि क्रम चुकल्यास १० सेकंद एकूण वेळेत मिळविले जातात. निष्णात खेळाडू असा टप्पा २० सेकंदांच्या आत पुरा करतात. काम झालेली रायफल रिकामी करून व तिची यंत्रणा उघडी ठेवूनच खाली ठेवावी लागते. सुरक्षिततेचे नियम अत्यंत कडक असून त्यांचा भंग करणारा टप्प्यातून किंवा संपूर्ण सामन्यातूनही बाद होतो.

चारही शस्त्रांत रिव्हॉल्व्हरला मानाचे स्थान आहे. सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) याने फिरत्या दंडगोलाच्या शस्त्राचे अमेरिकन एकस्व १८३६ मध्ये मिळविले. त्याची आरंभीची शस्त्रे ठासणीची होती. दंडगोलाच्या प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागे केप बसवावयाची, या कामात काही मिनिटे जात. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरून अनेक बार एकदम उडण्याचा धोका असे. म्हणून गोळीवर चरबी माखत. खेळाच्या एका गटात आजही ही शस्त्रे व काळी दारू वापरतात. पहिल्या काही बारांनंतर धुराच्या लोटात लक्ष्य दिसेनासे होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय (१८५४–१९३४) या फ्रेंच रसायनज्ञाने धूरहीन दारू सिद्ध करण्यापूर्वीच्या रणभूमींचे स्वरूप कसे असेल, याची त्यावरून थोडीफार कल्पना येते.

धातूचे काडतूस मागून भरता येईल असा आरपार छिद्रांचा दंडगोल करण्याचे एकस्व रॉलिन व्हाइट याच्या नावे १८५५ मध्ये नोंदले गेले. त्याचे हक्क ‘स्मिथ अँड वेसन’ या कंपनीने घेतल्यामुळे १८६९ पर्यंत कोल्टच्या कंपनीला त्या वाटेने जाता आले नाही. मुदत सरल्यावर तिने तयार केलेले १८७३ चे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे ०.४५ इंची रिव्हॉल्व्हर अमेरिकन सेनेने स्वीकारले आणि पुढे तेच काउबॉयचे प्रतीक बनले. त्यात प्रत्येक बाराच्या वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्या ओढीने दंडगोल एका घराने फिरतो. चापाचे काम घोडा सोडण्यापुरतेच असते. घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या टोपीवर टेकत असल्याने सहा घरांपैकी पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवणे शहाणपणाचे ठरते. स्पर्धेतही पाचच काडतुसे भरण्याचा नियम आहे. दहा बारांसाठी दोन रिव्हॉल्व्हर लागतात ते त्यामुळेच.

या शस्त्राचा खरा दोष मात्र स्पर्धेत दृष्टीआड होतो. त्याच्या बाजूच्या झडपेतून एकेक रिते काडतूस दांडीने ढकलून काढावे लागते व नवे एकेक करूनच भरावे लागते. स्मिथ अँड वेसनचे १८७० चे रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडून सर्व टरफले एकदम बाहेर टाकी. प्रत्यक्ष झटापटीत हा फरक मोठा होता. पण खेळात भरण्याचे व रिकामे करण्याचे काम बहुधा घड्याळाबाहेर, वेगळ्या मेजावर होते. तसेच चाप ओढताच घोडाही आपोआप मागे जाऊन सुटेल अशी रिव्हॉल्व्हरे कोल्ट कंपनीने १८७७ व १८७८ मध्ये बाजारात आणली होती. ती काळाच्या चौकटीत बसूनही नियमांत बसत नाहीत. ही निवड इतिहासापेक्षा पडद्यावरील रूढीला धरून आहे.

रायफलीची हकिगत काहीशी अशीच आहे. बेंजामिन टायलर हेन्रीच्या १८६० च्या रचनेतून विंचेस्टर कंपनीच्या १८६६ व १८७३ च्या रायफली निघाल्या. चापाभोवतीची तरफ खाली-वर केली, की रिते टरफल बाहेर पडते, घोडा मागे जातो आणि नळीखालील कोठीतून नवे काडतूस वर येते. १८७३ च्या रायफलीचे काडतूस नाममात्र ०.४४ इंच व्यासाचे व ४० ग्रेन (सु. २·६ ग्रॅम) काळ्या दारूचे होते, १८७८ पासून कोल्टचे रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसासाठी मिळू लागले. दोन शस्त्रांना एकच दारूगोळा पुरणे, ही दूरच्या कुरणांत राहणाऱ्या माणसाची मोठी सोय होती. या रायफलीतील दुव्यांचा सांधा मात्र अधिक दाबाला टिकणारा नव्हता. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने १८९२ च्या रायफलीत भक्कम उभ्या खिट्ट्या घालून तो दोष काढला. तरीही आजचे खेळाडू अधिक पसंती देतात ती १८७३ च्या जुन्या रचनेलाच. कारण खेळातील काडतुसे हलकी असतात आणि तिची तरफ अतिशय सुळसुळीत चालते.

छऱ्यांची बंदूक दुनळी, ब्राउनिंगने रचलेली १८८७ ची तरफेची किंवा त्याचीच १८९७ ची सरकत्या मुठीची असू शकते. ही बंदूक घड्याळ चालू असतानाच भरावयाची असते आणि एका वेळी दोनच काडतुसे भरता येतात. दुनळीत टरफले आपोआप फेकणारी योजना चालत नाही. ती झटका देऊन किंवा हाताने काढावी लागतात. शस्त्राचे गुणदोष सर्वांत प्रामाणिकपणे प्रकट होतात ते येथेच, आणि पुष्कळदा सामन्याचा निकालही येथेच ठरतो.

ही चार शस्त्रे एकाच माणसाजवळ असणे ऐतिहासिक दृष्ट्या अपवादात्मकच म्हटले पाहिजे. गुराख्याला महिन्याला सु. २५ ते ४० डॉलर मिळत, तर कोल्टच्या एका रिव्हॉल्व्हरची किंमत १७ डॉलरच्या आसपास होती. टेक्ससमधून उत्तरेकडे गुरांचे तांडे नेण्याचा काळ १८६६ पासून जेमतेम वीस वर्षांचा. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्याने मोकळ्या कुरणांवरील धंदा मोडकळीस आणला. १८९७ ची बंदूक त्यानंतर दहा वर्षांनी आली. अनेक गावांत शस्त्रे बाळगण्यास बंदी होती. टूमस्टोन येथील २६ ऑक्टोबर १८८१ ची प्रसिद्ध चकमक अशाच नियमाच्या अंमलबजावणीतून उद्‌भवली. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने कॅनझसमधील गुरांच्या व्यापाराच्या पाच गावांत १८७० ते १८८५ या काळात एकूण ४५ मनुष्यवध मोजले. लोकसंख्या अल्प असल्याने हे प्रमाण नगण्य म्हणता येत नाही, परंतु पडद्यावर एका सायंकाळी पडणाऱ्या मुडद्यांशी त्याची तुलना होऊ शकत नाही. गुराख्यांत कृष्णवर्णीयांचा व मेक्सिकन लोकांचा भरणा बराच होता, हेही पश्चिमपटांनी दीर्घकाळ दाखविले नाही. चित्रपटांनी शस्त्रांचा कालक्रमही बिघडविला. स्टेजकोच (१९३९) या चित्रपटात १८८० च्या सुमाराच्या कथेतील नायकाच्या हाती १८९२ ची रायफल आहे. उलट, याच माध्यमाने जुने शस्त्र जगविलेही. १९४० च्या सुमारास थांबलेले सिंगल ॲक्शन आर्मीचे उत्पादन दूरचित्रवाणीवरील पश्चिमपटांमुळे मागणी वाढल्याने कोल्ट कंपनीने १९५६ मध्ये पुन्हा सुरू केले.

खेळाच्या अनुयायांत एक वाद सतत चालू असतो. काहींच्या मते वेश, काडतूस व शस्त्र ही काळाशी इमान राखणारी असावीत. इतरांना वेळ महत्त्वाचा वाटतो. वेगाच्या ओढीने ०.३८ इंची हलकी काडतुसे, मऊ केलेल्या स्प्रिंगा आणि कमी अंतर चालणाऱ्या तरफा सर्रास आल्या. बाहेरून १८७३ ची दिसणारी रायफल आतून पुष्कळदा निराळीच असते. धक्का जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे मूळ शस्त्राचा स्वभावच हरवतो, ही तक्रार रास्त आहे.

मूळ शस्त्रे दुर्मिळ व महाग असल्याने बहुतेकांची भिस्त प्रतिकृतींवर असते. त्यांचे मुख्य केंद्र उत्तर इटलीतील ब्रेशाजवळचे व्हाल ट्रोंपिया हे खोरे होय. तेथे बंदुका घडविण्याची परंपरा कित्येक शतकांची असून १९५९ मध्ये स्थापन झालेल्या उबेर्ती कंपनीने कोल्टच्या १८५१ च्या नौदल रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतीपासून आरंभ केला. अमेरिकेबाहेर यूरोपातील काही देश, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही हा खेळ पसरला आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यांनी बहुतेक सर्व काडतुसी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे खासगी मालकीत ठेवण्यास मनाई केली. त्यातून ठासणीची शस्त्रे मात्र वगळली. त्यामुळे तेथील हौशी खेळाडूंना १८७३ चे रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून त्याच्या आधीच्या पिढीच्या, केप व काळी दारू लागणाऱ्या रिव्हॉल्व्हरकडे वळावे लागले.