दिनविशेष : २० फेब्रुवारी
दक्षिण सुदानमध्ये दुष्काळ जाहीर (२०१७)

२०११ साली स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानच्या युनिटी प्रांतातील काही भागांत २०१७ मध्ये आजच्या दिवशी दुष्काळ जाहीर झाला. सुमारे १ लाख माणसे उपासमारीच्या तोंडी होती, देशभरातील १० लाखांहून अधिक मुले कुपोषित. दुष्काळ म्हटला की आपल्याला हुकलेला पाऊस आठवतो. इथे मुख्य कारण होते २०१३ पासूनचे यादवी युद्ध. पेरणी करायची तर गावात राहता आले पाहिजे ना!

रस्ते बंद, म्हणून जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफची पथके हेलिकॉप्टरने उतरत, धान्याची पोती विमानातून टाकली जात. कुपोषण ओळखण्यासाठी मुलाच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टीचा लाल भाग दिसतो. अशा मुलाला शेंगदाणे, दूध पावडर, तेल-साखरेच्या पौष्टिक लगद्याची पाकिटे मिळत. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी! शिजवणे नको, पाणी मिसळणे नको. जिथे पाणीच दूषित, तिथे याचे मोल फार मोठे.

जूनमध्ये दुष्काळ ओसरल्याचे जाहीर झाले, तरी अन्नाची तीव्र टंचाई सोसणाऱ्यांचा आकडा तोवर ६० लाखांवर गेला होता.