आधी सेवा, मग अभ्यासक्रम

समुपदेशन हा शब्द आज शाळाशाळांतून ऐकू येतो. पण दुःखी माणसाशी बोलायचे कसे, हेही शिकावे लागते, ही जाण आपल्याकडे तशी अलीकडची. मुंबईत १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले.

नागपूरची वाट मात्र बाळंतिणीच्या खाटेपासून सुरू झाली. अल्पवयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट परिचारिका झाल्या. १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी सीताबर्डीवर मातृसेवा संघाचे सूतिकागृह काढले. खाटेवरच्या बाईचे दुखणे केवळ शरीराचे नसते. कुणी टाकलेली, कुणी फसवलेली, कुणाच्या पदरी मतिमंद मूल. अशा बाईला औषधाइतकाच, कोणीतरी आपले ऐकून घेते आहे, याचाही आधार लागतो. संघाने पुढे मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ उभारले आणि १९५८ साली समाजकार्य शिकवणारी संस्थाही काढली. घरोघरची सेवा अशी वर्गात आली.

सेवा आधी आली, अभ्यासक्रम मागून आला, हा क्रम विसरता कामा नये. शाळेत समुपदेशक नेमताना पदवी जरूर पाहावी. पण तो मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो का, हेही पाहावे.