सनई : विद्यार्थ्याच्या वाद्याची निवड

सनई हे दुहेरी जिव्हाळीचे सुषिर वाद्य असून यूरोपीय वाद्यवृंदातील ओबो हे याच कुळातील वाद्य होय. दोहोंची नळी शंक्वाकार असते आणि दोहोंत एकमेकींलगत बांधलेल्या दोन पातळ पात्यांच्या कंपनाने ध्वनी निर्माण होतो. प्राथमिक शिक्षण पुरे करून पुढे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला परवडेल व सुरेलही असेल असे वाद्य कसे मिळावे, हा प्रश्न या दोन्ही वाद्यांच्या इतिहासात दिसतो. त्याची उत्तरे मात्र अगदी भिन्न आहेत. वाशिमसारख्या वऱ्हाडी प्रदेशातील सनईवादनाच्या संदर्भात हा भेद विशेष लक्षणीय ठरतो.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी पुढे देवगिरीच्या यादवांच्या अंमलाखाली आली. यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४६) याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर  या ग्रंथात सुषिर वाद्यांमध्ये ‘मधुकरी’ नावाच्या वाद्याचे वर्णन केले आहे. तिचे सनईशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत  वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘बासिम’चा उल्लेख येतो, त्याच ग्रंथात बादशाही नगारखान्याच्या वर्णनात नऊ ‘सुरना’ एकत्र वाजविल्या जात, असे म्हटले आहे. नगारखान्यातील सुरना व देवळातील सनई ही एकाच परंपरेची रूपे होत.

ग्रामव्यवस्थेत सनई विकत घेण्यापेक्षा वारशाने मिळण्याची वस्तू होती. देवळातील वादन गुरवांकडे, तर लग्न व मिरवणुकीतील वादन बव्हंशी मांग समाजाकडे असे. वऱ्हाडात डफडे व सनई यांची जोडी रूढ होती. वादकाला सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते मिळे. घरातील थोरल्याची सनई धाकट्याच्या हाती जाई आणि तिची पट्टी हीच त्याची पट्टी ठरे. स्वर धरणारी दुसरी सनई, म्हणजे ‘सूर’, पहिलीशी कानाने जुळली की काम भागत असे. तिसऱ्या वाद्याशी जुळवून घेण्याचा प्रसंग क्वचितच येई.

विसाव्या शतकात ही स्थिती बदलली. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्या वादनाने सनई मैफलीत स्थिरावली. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. महाराष्ट्रात पुण्याचे शंकरराव गायकवाड यांनी रागवादनाची परंपरा रुजविली. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी या सनईच्या लहान प्रकाराला मैफलीचा दर्जा मिळवून दिला. आकाशवाणीने १९५२ पासून कलावंतांची ध्वनिचाचणी व श्रेणी ठरविण्याची पद्धत सुरू केली. श्रेणी मिळवू इच्छिणाऱ्या वादकाला तबला, तंबोरा व इतर वाद्यांशी निश्चित पट्टीत जुळणे भाग होते. घरच्या सनईवर हात बसलेल्या विद्यार्थ्याला नवे वाद्य शोधण्याची गरज या टप्प्यावर प्रथम भासू लागली.

ओबोची वाटचाल याहून निराळी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्समध्ये हे वाद्य सिद्ध झाले. ओतेतेर व फिलिदोर या वादक-कारागीर घराण्यांकडे त्याचे श्रेय दिले जाते. आरंभी त्याला दोन-तीनच चाव्या होत्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रीएबेर घराण्याने चाव्यांची यंत्रणा वाढवीत नेली. या घराण्याच्या कारखान्यात काम केलेल्या फ्रांस्वा लोरे याने १८८१ मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि त्याच सुमारास पॅरिसच्या संगीतशाळेत ही रचना स्वीकारली गेली. प्रत्येक श्रुतिभेदासाठी धातूची चावी, तिची दांडी, कमान व गादी असल्याने ओबो हे बारीक यंत्रकामाचे वाद्य बनले. व्यावसायिक दर्जाच्या नव्या ओबोची किंमत आज कित्येक लाख रुपये होते. म्हणून पाश्चात्त्य विद्यार्थी काही चाव्या कमी असलेले किंवा लाकडाऐवजी राळयुक्त कृत्रिम द्रव्याचे वाद्य घेतो, अथवा वापरलेले वाद्य तपासून घेतो. डाव्या हाताची एफ स्वराची चावी व सर्वांत खालच्या बी-फ्लॅटची चावी यांवाचून पुढील अभ्यास अडतो. त्यामुळे काटकसर करतानाही या दोन चाव्या सोडू नयेत, असा संकेत आहे.

सनईने चाव्या स्वीकारल्या नाहीत, याचे कारण केवळ गरिबी नव्हे. मींड घेताना वादक छिद्रावरील बोट हळूहळू उचलतो आणि ओठांचा दाब व फुंक बदलतो. चावीने छिद्र एकदम उघडते वा मिटते. ओबोत जे काम धातूची यंत्रणा करते, ते सनईत बोट, ओठ व श्वास करतात. सनई स्वस्त राहिली ती यामुळे. राहिलेली किंमत वादकाला रियाजाच्या वर्षांनी चुकवावी लागते. वाद्य सदोष असेल, तर ही वर्षेही वाया जातात. दोष झाकण्याची सवय ओठांना जडते आणि नवे वाद्य हाती आल्यावरही ती सहजासहजी सुटत नाही.

यावरून निवडीचे काही निकष रूढ झाले आहेत. लाकूड पक्के वाळलेले असावे. विदर्भातील कडक उन्हाळा व दमट पावसाळा यांच्या पालटात कच्च्या लाकडाला छिद्रांपाशी चिरा जातात. मध्य व तार सप्तकांतील षड्ज एकाच बोटरचनेत नेमके दुप्पट कंप्रतेचे यावेत. ते तसे न आल्यास नळीचा पोकळ भाग सदोष समजावा. हा दोष पुढे सुधारता येत नाही. एखादे छिद्र किंचित चढे असल्यास ते मेणाने अंशतः बुजवून स्वर उतरविता येतो, परंतु कोरून मोठे केलेले छिद्र पूर्ववत करणे अवघड असते. पट्टी ठरवूनच वाद्य घ्यावे आणि शक्य तर सुराची सनई त्याच कारागिराकडून जोडीने घ्यावी. घंटाकार तोंडाचे नक्षीकाम किंवा झळाळी यांचा सुरेलपणाशी संबंध नसतो.

जिव्हाळी हा खर्चाचा दुसरा भाग होय. ती नरकट जातीच्या गवताची वा ताडपत्राची करतात. बिहारमधील डुमराँवजवळचे, सोन नदीकाठचे नरकट त्यासाठी प्रसिद्ध आहे. जिव्हाळी लवकर झिजते. सनईला दोऱ्याने लटकविलेल्या जादा जिव्हाळ्या व त्या उघडण्याची सळई त्यासाठीच असतात. जिव्हाळी स्वतः तासून बसविण्याची कला अवगत नसेल, तर उत्तम वाद्यही निरुपयोगी ठरते. ओबोवादकांनाही हे लागू पडते. त्यांच्या शिक्षणात जिव्हाळी घडविणे हा नेहमीचा विषय असतो.

ओबोसाठी वापरले जाणारे आफ्रिकी काळे लाकूड व भारतीय शिसवी ही दोन्ही डालबर्जिया प्रजातीची होत. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये २०१७ मध्ये या प्रजातीवर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्ये त्यांतून वगळण्यात आली. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तोपर्यंत लग्नसमारंभातील सनईची जागा बँड व ध्वनिवर्धकावरील संगीताने बऱ्याच अंशी घेतली होती. त्यामुळे वारशाने वाद्य मिळण्याची वाट अरुंद झाली. आज सनई शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पैशापेक्षाही वाद्य पारखून देणाऱ्या जाणत्या वादकाची उणीव अधिक जाणवते. पूर्वी ही पारख त्याला वाद्याबरोबरच घरात मिळत असे.