विमानावर बडोद्याचे नाव

आम्हा बडोदेकरांना आजवाचे पाणी, १८९० चे कलाभवन, सयाजीराव महाराजांची ग्रंथालये हे सारे तोंडपाठ असते. पण ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीला आपल्या गावाचे नाव होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात बडोदा संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर तुकडीला 'बडोदा' हे नाव मिळाले. गादीवर तेव्हा प्रतापसिंहराव महाराज होते. १९४५ च्या आरंभी हीच तुकडी बॉम्ब घेऊन हॉलंडमधील जर्मन व्ही-२ रॉकेटच्या तळांवर हल्ले करू लागली.

देणाऱ्याचे नाव राहिले. पण असे बॉम्ब भरणारे हात कोणाचे?

विमानातून बॉम्ब टाकण्याची सुरुवात १ नोव्हेंबर १९११ ची. लिबियात गावोत्ती या इटालियन वैमानिकाने चार लहान बॉम्ब हाताने फेकले. पहिल्या महायुद्धात मात्र त्यांचे कारखानेच उभे राहिले. आम्ही पडलो डिप्लोमावाले, म्हणून रचना सांगतो. धातूचे कवच, आत स्फोटक, मागे पत्र्याची शेपटी आणि फ्यूजवर छोटा पंखा. पडताना वाऱ्याने पंखा फिरे, मगच फ्यूज सज्ज होई. विमानातच स्फोट होऊ नये म्हणून ही योजना. टीएनटी अपुरे पडू लागले, तेव्हा त्यात अमोनियम नायट्रेट, म्हणजे खतातही वापरतात तेच, मिसळून 'अमॅटोल' केले.

हे भरण्याचे काम इंग्लंडमध्ये मोठ्या संख्येने बायका करीत. टीएनटीने त्यांची कातडी पिवळी पडे. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत. चिलवेलच्या कारखान्यात एक कोटी नव्वद लाखांवर तोफगोळे आणि सुमारे २,५०० विमानी बॉम्ब भरले गेले. १ जुलै १९१८ रोजी तिथे स्फोट झाला. १३४ माणसे गेली. त्यांतल्या जेमतेम ३२ जणांची ओळख पटली. बाकीच्यांना नावाशिवायच मूठमाती मिळाली.

आपल्या मांडवातही वर्गणीदारांची नावे फलकावर झळकतात. बांबू बांधणाऱ्यांची आणि महाप्रसाद रांधणाऱ्यांची कुठेच नसतात. यंदापासून त्यांचीही नावे फलकावर लिहावीत, एवढी आमची मंडळाला विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!